चढाईआधीची भाकरी

कबड्डीच्या कुमारी गटाच्या मर्यादेत वजन बसावं म्हणून माझ्या लेकीनं, मनस्वीनं खाणं तोडलं. भर मे महिन्यात गोधडी घेऊन बसायची, हात बर्फासारखे गार. रिपोर्ट बघून पनवेलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थायरॉईड मंदावलाय, पण दोष त्याचा नाही. पोट रिकामं बघून मेंदूला वाटलं, दुष्काळ पडलाय. त्यानंच थायरॉईडला आवरतं घ्यायला लावलं. हिला जेवू घाला." मी तांदळाच्या भाकऱ्या थापत राहिले. डिसेंबरात नेऱ्याला स्पर्धा लागली. वजनकाट्यापुढं उपाशी पोरींची रांग. मनस्वी डबा उघडून भाकरी खात बसली. तिचे कबड्डीचे सर ओरडले, "अगो, वजन वाढंल!" "वाढू द्या. मी मोठ्या बायांच्या गटात खेळनार हाय." खेळली. शेवटच्या चढाईत तिघींनी धरलं. तिघींना ओढत पोरीनं मधली रेषा गाठली. सामना जिंकून तिनं माझा हात धरला. तिचा हात तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा गरम होता.