बारा वर्षांची बॅटरी

दिवा काही विझायचं नाव घेईना. काल दुपारी बॅटरीला जोडलेला, आज सकाळचे साडेदहा झाले तरी पठ्ठ्या जळतोच आहे. टेबलाभोवती ताटकळलेले तिन्ही इंजिनिअर पाय बदलून बदलून वैतागले. शिसेकाका मात्र हरखून गेले होते.

"बारा वर्षं झाली तिला," ते तिसऱ्यांदा म्हणाले. "बारा! याच कारखान्याच्या जिन्यात, आणीबाणीच्या दिव्याला जोडलेली. कुणी धूळसुद्धा झटकली नसेल."

बॅटरी त्यांचीच, त्यांनीच आखलेली. सीलबंद, पाणी घालायची भानगड नाही, आणि मरायची तर घाईच नाही. काका निवृत्त झाले तसा कारखान्याने हा नमुनाही बंद केला. त्याला चार वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात अचानक फोन आला: या, तुमच्या अनुभवाची गरज आहे. काकांनी नवा शर्ट घेतला. त्याला इस्त्री करता करता बायकोने बजावलं, "दिवसभर घरात बसून माझं डोकं खाता, त्यापेक्षा परत गेलेलं बरं. पण लगेच मान डोलावू नका. दोनदा विचारू द्या त्यांना."

पावणेअकराला दिवा लालसर झाला आणि मालवला. "सुटलो बुवा," एक इंजिनिअर पुटपुटला.

डिझाइन विभागाची मुख्य आता बारकी होती. हे नाव काकांनीच ठेवलेलं. शिकायला आली तेव्हा तिला धड करवत धरता येत नव्हती. आज सगळे तिला मॅडम म्हणत. काका बारकीच म्हणत होते आणि ती चालवून घेत होती. तिने करवत काकांच्या हातात दिली.

"तुम्हीच कापा, काका."

"अगं, कशाला? चार्जिंगला लाव, उद्या पुन्हा उभी राहील. जिवंत आहे ती अजून."

"म्हणूनच तर कापायची. मेलेल्या आम्ही रोज कापतो. ही का मरत नाही, ते बघायचंय."

ही का मरत नाही! इतका गोड प्रश्न काकांना जन्मात कुणी विचारला नव्हता. त्यांनी हातमोजे चढवले, झाकण कडेने कापून काढलं आणि प्लेटांचा गठ्ठा अलगद उचलून टेबलावर ठेवला. मग त्यांची गाडी जी सुटली ती सुटलीच. घरी जाळीचा 'जा' काढला तरी बायको उठून जायची. इथे चार माणसं कान देऊन ऐकत होती.

"ही प्लेटच्या आतली शिशाची जाळी बघ. साडेतीन मिलिमीटर जाड. शिसं गंजणारच, मग गंजायला म्हणूनच जास्त ठेवायचं. त्यात कथील घातलंय, चिमूटभर जास्त. आणि खाली ही मोकळी जागा. प्लेट म्हातारी झाली की पसरते, तिला पाय पसरायला जागा नको?" इंजिनिअर हसले. "आता मधली ही काचेच्या तंतूंची गादी. सगळं ॲसिड हिच्यात मुरलेलं. चांगली जाड घेतली आणि दाबून बसवली, म्हणून इतक्या वर्षांत सैल पडली नाही."

बारकी शब्द न् शब्द लिहून घेत होती. मध्येच थांबवून, "किती? पुन्हा सांगा," म्हणत होती. काकांना भरून आलं. पोरगी विसरली नाही. नमुना पुन्हा सुरू करतायत आणि त्यासाठी आपल्याला बोलावलंय, दुसरं काय असणार?

सगळं सांगून झालं. बारकीने खाली एक रेघ ओढली आणि कागद शेजारच्या इंजिनिअरकडे सरकवला.

"हे सगळं काढायचं," ती म्हणाली. "जाळी निम्मी. कथील कमी. खालची जागा नको, डबा तेवढा आखूड करा. गादी पातळ."

काकांनी चष्मा काढला. "काढायचं? अगं, मग टिकेल कशी ती?"

"आमच्या हल्लीच्या केव्हाही मरतात, काका. एखादी दीड वर्षात, एखादी पाच. तुमची मरतच नाही. आम्हाला वेळेवर मरणारी हवी. वॉरंटी तीन वर्षांची. एवढं सगळं काढल्यावर किती टिकेल, सांगा."

काकांनी तोंडाला येईल ते सांगून मोकळं व्हायला हवं होतं. वर्ष म्हणायचं, दहा वर्षं म्हणायचं, बसू देत घोळ निस्तरत. नाहीतर सरळ चपला घालून घरी जायचं. पण चाळीस वर्षांची खोड ती. प्रश्न कानावर पडला आणि डोक्यात आकडे पळायला लागले. उन्हाळ्याची गरमी इतकी, गंज इतका, उरली जाळी इतकी. लाज वाटत होती, आणि हिशेब काही थांबत नव्हता.

"एक्केचाळीस महिने," ते म्हणाले. आकडा बरोबर होता. तेही त्यांना ठाऊक होतं.

"काय माणूस आहे!" एक इंजिनिअर दुसऱ्याला म्हणाला, आणि ते काकांना ऐकू गेलं.

"सदतीस पुरेत," बारकी म्हणाली. "चार जास्तच होतात. आणखी काय काढता येईल?"

काका दाराकडे बघू लागले. बारकी उठली. खिडकीजवळची त्यांची जुनी खुर्ची अजून तिथेच होती; ती तिने स्वतः ओढत आणून त्यांच्यामागे ठेवली.

"काका, तुम्हालाच विचारतेय. आणखी काय काढता येईल?"

दोनदा विचारून झालं होतं. काका खुर्चीत बसले, चष्मा चढवला, आणि ओलसर प्लेटांवरून त्यांचं बोट हळूहळू फिरू लागलं.