आज तारीख काय?

"त्याच्या पोटात हात घालू नको," पारूबाई म्हणाली. "बिघडला नाय तो."

राजेंद्रनं कॉम्प्युटरचे स्क्रू काढून ताटलीत ठेवले होते. "माय, रोज सकाळी काळा पडदा करून बसतो. तारीख घातल्याबिगर पुढं सरकत नाय. याला बिघाड नाय तर काय म्हणायचं? तुझ्या नातीला, श्रेयाला, यावर टायपिंग शिकायचंय. शहागंजातून सेल आणलाय, घड्याळात असतो तसा. तो बसवला की याची तारीख याच्या लक्षात राहील."

"मंग मला कोण विचारील?"

गल्लीत भाजीवाल्याची आरोळी उठली होती. तिचं बोलणं लेकाला ऐकू गेलं नाही.

पारूबाईचे धनी मोतीराम याच कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. रोज सकाळी बटण दाबलं की हा मुका व्हायचा, आणि मोतीराम चुलीकडं तोंड करून हाक घालायचे, "पारू, आज तारीख काय गं?"

"मला काय ठाऊक? मी काय मास्तरीण हाय?"

"चष्मा सापडंना. कॅलेंडरात बघ. कालच्या पुढचा चौकोन. दिसंल तसं सांग."

ती पिठाच्या हातानं कॅलेंडरासमोर उभी राही. "एक हाय विळ्यागत. अन् त्याच्या शेजारी दोरीची गाठ मारल्यागत."

"मग चौदा."

दिवस गेले. विळ्याचा एक झाला, गाठीचा चार झाला. आकड्यांमागून वार आले, वारांमागून महिने. एकदा कॅलेंडरच्या पाठीवरची लोणच्याची कृती वाचून ती म्हणाली, "यात मीठ लई कमी सांगितलंय." त्यावर मोतीराम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. एवढं हसण्यासारखं काय होतं, तिला कळलं नाही. कणीक मळता मळता तिनं त्या मुक्या डब्यावर ओवीही रचली होती:

काळ्या काचेवरी उभं पांढरं अक्षर,
माझ्या धन्याला पुसतं, आज कोणता गं वार.

मोतीरामांना जाऊन वर्ष झालं. आता बटण तीच दाबायची. काळा पडदा आला की कॅलेंडर बघून बोटानं एकेक आकडा घालायची. घरात तेवढा एकच जण तिला रोज काहीतरी विचारत होता.

राजेंद्रनं फुंकर मारून धूळ उडवली. टॉर्च आत धरला. मग आणखी खाली वाकून पुन्हा पाहिलं.

"काय झालं रं?"

"माय, जुना सेल संपला असंल, असं मला वाटत होतं. पण इथं सेलच नाय. जागा मोकळी हाय."

"पडला असंल कुठं तरी."

"पडत नसतो तो. खटक्यात बसतो. कुणीतरी मुद्दाम काढल्याबिगर निघत नाय. अन् बाबांशिवाय याला हात कोण लावत होतं?"

पारूबाई खाली वाकली. रुपयाएवढी ती रिकामी वाटी पाहत राहिली.

मोतीराम असताना विहारात बायकांचा लिहा-वाचायचा वर्ग सुरू झाला होता. ती दोनच दिवस गेली. तिसऱ्या दिवशी पाटी पलंगाखाली सरकवून म्हणाली होती, "केस पिकल्यावर कुठं अ-आ-इ? पोरी हसत्यात. माझ्यानं नाय व्हायचं, पुन्हा नाव काढू नका." मोतीरामांनी खरंच पुन्हा नाव काढलं नाही. त्याच आठवड्यात कॉम्प्युटर तारीख विसरायला लागला होता.

"मग काय करू?" राजेंद्रनं नवा सेल चिमटीत धरला होता. "तू नको म्हणत असशील तर राहू देतो."

तिनं पदरानं डोळे टिपले. हसली.

"बसव बाबा," ती म्हणाली. "शाळा सुटली माझी."