हिरवा ओरखडा

बाबाराव बंपरसमोर उकिडवे बसले तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं. पांढऱ्या बंपरच्या कोपऱ्यावर ओरखडे पडले होते आणि त्यांत हिरवा रंग भरला होता. त्यांच्याच घराच्या फाटकाचा.

काल संध्याकाळी त्यांच्या लेकीने, स्वरदाने, या ओरखड्यांवरून शेजारच्या अच्युतला चारचौघांत धारेवर धरलं होतं. अच्युतची मोटरसायकल तिच्या गाडीला खेटून उभी असायची. "देखके नहीं निकाल सकते थे, भैया?" अच्युत ऐकून घेत राहिला. मधेच त्याने बाबारावांकडे पाहिलं. बाबाराव खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करू लागले. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली असताना आपणच दुपारी किल्ली घेतली, वळवताना फाटकाला गाडी घासली, हे सांगायला त्यांची जीभ रेटली नाही.

सकाळी पुसलेल्या गाडीवर सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या धुराची काळी बुकी पुन्हा बसली होती. ती त्यांनी ओल्या फडक्याने पुसली, पॉलिश पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला सुरुवात केली. हिरवा रंग लवकर सुटेना. ते गोल गोल घासत राहिले.

"गोल नका घासू, काका. एकाच बाजूनं घासा."

अच्युत होता. सिलतऱ्याची रात्रपाळी करून झोपला होता, डोळे अजून लाल होते. तो शेजारी बसला. ओरखड्याभोवती कागद लावून त्याने टेप चिकटवली, सोबत आणलेली पांढऱ्या रंगाची स्प्रेची डबी हलवली आणि लांबूनच रंगाचा हलका फवारा मारला. हिरवं झाकलं गेलं.

"तुले माहीत होतं?" बाबारावांनी विचारलं.

"हव."

"मग बोलला काहून नाही?"

"तुम्ही उभे होते ना तिथंच. म्हटलं, तुम्ही बोलाल."

बाबारावांना वर पाहवेना. त्यांनी फडकं पिळलं, पुन्हा पिळलं.

तेवढ्यात स्वरदाची स्कूटी फाटकाशी थांबली. आज ती कामावरून लवकर सुटली होती. अच्युतच्या हातातली रंगाची डबी पाहून तिचा चेहरा निवळला.

"अच्छा किया भैया, खुद ठीक कर दिया. कल मैं भी ज़रा ज़्यादा बोल गई."

"कोई बात नहीं, दीदी," अच्युत म्हणाला.

इथेच सगळं मिटत होतं. बाबाराव गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उभे राहिले.

"स्वरदा, गाडी यानं नाही घासली. मी घासली."

स्वरदाने हेल्मेट काढलं. ती आधी वडिलांकडे पाहत राहिली, मग अच्युतकडे वळली.

रंग अजून ओला होता. तरी अच्युत घाईघाईने बंपरवर वाकला आणि मान न उचलता टेप सोलू लागला.