खडूचे अंडे

अंजूरच्या दौलतकाकांच्या कोंबड्यांत एक उत्परिवर्तन होते. पंखाला ‘वाढ’ असा निरोप देणारे जनुकच मुके असल्याने पिल्ले पंखांवाचून अंड्यातच मरत. भिवंडीतल्या खोलीत मी वर्षानुवर्षे त्या निरोपाचे प्रथिन अंड्यांत सोडत राहिलो.

आज अंडे दिव्यासमोर धरले, आणि आत इवला पंख हलला.

“काका, जिंकलो!”

“मंग आता माझ्या कोंबड्या उडून जातील की रं!”

हर्षाच्या भरात मी त्यांनी नुकत्याच आणलेल्या टोपलीतली अंडीही पाहिली. त्या अंड्यांत मी काहीच सोडले नव्हते. तरी प्रत्येकात पंख होता. शेवटच्यातला सर्वांत मोठा होता.

काकांचे हसू मावळले. “ते खाली ठेव, पोरा. कोंबडीला फसवाया मीच बनवलेलं खडूचं अंडं हाय ते.”

माझ्या तळहातावर ते उबदार होऊ लागले होते. आतून टकटक सुरू झाली.