पनवेल दर्शन

फेसबुकवर अंगावर कोड असलेल्यांचा एक ग्रुप होता. तिथे अरुंधतीशी ओळख झालेली आभा नाशिकहून पनवेल बघायला आली, तीही बिनबाह्यांचा कुर्ता घालून. हातांवरचे पांढरे डाग उन्हात लख्ख दिसत होते. तसाच एक कुर्ता तिने अरुंधतीसाठी आणला होता. बारा वर्षं पूर्ण बाह्यांत काढलेल्या अरुंधतीने तो एसटी स्टँडवरच अंगात चढवला.

दोघी बाजारातून हिंडल्या, देवळात गेल्या, वडाळे तलावाकाठी उसाचा रस प्यायल्या. शेजारी रस पिणाऱ्या एक बाई त्यांच्या हातांकडे बघत म्हणाल्या, "यावर काही औषध नाही का हो?"

"असं टक लावून बघण्यावर? नाही ना!" आभा म्हणाली. अरुंधती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, मला बघायला पाहुणे आलेत. म्हणून आईने तुला आज दिवसभर फिरायला सोडलं. तू पुण्याला नोकरीला असतेस, असं सांगतेय ती त्यांना. मला नाही आवडलं. तू ये."

अरुंधतीने रिक्षाला हात केला.

"आधी कपडे बदलतेस?" आभाने विचारलं.

"नाही. तू पण चल."

पनवेलजवळच्या विचुंबे गावातल्या घरात त्यांना बघून आई चहाचा ट्रे घेऊन उभीच राहिली. अरुंधतीने पाहुण्यांसमोर जाऊन दोन्ही हात जोडले.

"नमस्कार. मी हिची मोठी बहीण. याच घरात राहते."