भाऊंची शपथ

भाऊ पहिल्यांदा आमदार झाले आणि तलावाच्या कामात पैसे खाल्ल्याचा आरोप झाला. एकोडीच्या भर सभेत त्यांनी शेजारी उभ्या कार्यकर्त्याच्या, म्हणजे माझ्या, डोक्यावर हात ठेवला. "हा जागेश्वर मले पोटच्या पोरासारखा. याची शपथ घेऊन सांगतो, मी एका रुपयाले शिवलो नाही."

माझी छाती फुगली. आईनं मात्र घरी येताच मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकली. पुढे धान खरेदीचा घोटाळा निघाला, मग पक्ष बदलल्याची बोंब झाली. दर वेळी भाऊंचा हात आणि माझंच डोकं. आई दर वेळी दृष्ट काढायची आणि मी हसायचो.

काल साकोलीत सभा होती. या खेपेला शाळेच्या जमिनीचं प्रकरण होतं, आणि मंचावर भाऊंचा मुलगा गुंजनही होता. पुढचं तिकीट त्याचंच. भाऊंनी हात उचलला तशी मी सवयीनं मान पुढे केली. इतक्यात बायांमधून माझी आई उठली.

"भाऊ, दरवेळी माह्याच पोराची शपथ काहून जी? आज तुमचा पोरगा बाजूलेच उभा आहे. त्याच्या डोक्यावर ठेवा ना हात."

भाऊंचा हात गुंजनच्या केसांपर्यंत गेला आणि वीतभर वरच थांबला.



मग हात खिशात घालून भाऊ हसले, "मावशी, शपथ-बिपथ सारी अंधश्रद्धा आहे."