मागचा सिलिंडर

पुलावर गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, आणि बाबांच्या जुन्या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलवर मागे बसलेल्या लेकीचा जीव टांगणीला लागला होता. हे इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. गाडी थांबली की वारा संपला. त्यात पुढच्याच्या आड असलेला मागचा सिलिंडर भट्टीसारखा तापतो, हे बाबांनीच तिला शिकवलेलं. आता त्याची धग तिच्याही गुडघ्यांना लागत होती.

"बाबा, इंजिन बंद करा ना. जाम होईल."

"काही होत नाही गं. मला तर धगसुद्धा लागत नाहीये."

तेवढ्यात जळका वास आला. पेट्रोलची टाकी बाबांच्या मांड्यांमध्ये होती.

"बाबा, गाडीनं पेट घेतलाय! बंद करा!"

बाबांनी दचकून किल्ली फिरवली. दोघं उतरली. तिनं एकेक वायर चाचपून पाहिली. ना धूर, ना ठिणगी.

"बघ, ठणठणीत आहे गाडी," बाबा हसले. "उगाच घाबरवलंस."

तिची नजर त्यांच्या उजव्या पायावर गेली. मागच्या सिलिंडरला टेकलेली पँट वितळून पोटरीला चिकटली होती आणि कडेनं कातडी सोलून निघाली होती.

"बाबा... पाय."

बाबांनी वाकून पाहिलं. हसू मावळलं. त्यांनी एक बोट त्या जखमेवर ठेवलं, मग जोरात दाबलं, आणि लहान मूल धरतं तसा तिचा हात घट्ट धरला.

"मला काहीच जाणवत नाहीये गं."